चाई

माक्याचा रस तिळाच्या तेलात कढू लागला की आधी त्याचा आवाज येई आणि मग वास. आवाज बारीक, अखंड, कुणीतरी पलीकडच्या खोलीत रेशमी वस्त्र हळूहळू फाडत असल्यासारखा. वास मात्र ओल्या बांधाचा, कडवट, हिरवा, श्वासाबरोबर थेट जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. दुपार कलली की आमच्या मागच्या पडवीत शैलजाताई लोखंडी कढई चुलीवर चढवत आणि तेलातला पाण्याचा शेवटचा थेंब आटून तो आवाज थांबेपर्यंत तिथून हलत नसत. आवाज थांबला की कढईच्या तळाशी बसलेला गाळ चिमटीत घेऊन त्याची वात वळत, ती विस्तवात टाकत आणि ती न तडतडता जळाली तर तेल झालं म्हणून मान हलवत. त्या हालचालीबरोबर त्यांच्या पाठीवरची वेणी एका बाजूला सरके. शैलजाताई म्हटलं की माझ्या मनात ती उतरती उन्हं उभी राहतात, तो धूर आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली ती निश्चल आकृती.

आमची भाताची खाचरं कंपन्यांच्या इमारतींखाली गेली, तेव्हा हिंजवडीजवळच्या माणच्या रस्त्याकडेला उरलेल्या तुकड्यावर माझ्या सासऱ्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यांतल्या दोन खोल्या शैलजाताईंनी घेतल्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत संसार; आणि संसार एकटीचाच. वाईच्या एका वैद्यघराण्यात जन्मलेली, आयुर्वेदाची पदवी घेतलेली, लग्नाच्या वाटेला न गेलेली आणि चाळिशी ओलांडलेली ही बाई आमच्या गावात आली, तेव्हा गावाने आधी तिच्या केसांकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. ते केस होतेच तसे. कमरेखाली उतरलेली घनदाट वेणी, मध्यरात्रीच्या डोहासारखी काळी. खुर्चीवर बसण्यापूर्वी ती उजव्या हाताने उचलून खांद्यावरून पुढे घेण्याची त्यांची एक लकब होती, आणि त्या लकबीत कुठेही दिमाख नव्हता. जड कळशी सवयीने कडेवर घ्यावी, तसं ते होतं. पण समोर बसलेल्या रोग्याचे डोळे त्या वेणीवर एकदा खिळले, की औषधाचं अर्धं काम तिथेच झालेलं असे.

मला त्यांच्यापाशी नेलं ते खाजेनं. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवते. खडूने म्हणा, बोअरच्या जड पाण्याने म्हणा, माझ्या दोन्ही हातांची त्वचा भेगाळून ओली झाली होती, आणि वर्गात पाठ मागे करून फळ्यावर लिहिताना मी दुसरा हात ओढणीत लपवून नखांनी त्याचाच तळवा खाजवत असे. खाज हे मोठं अपमानास्पद दुःख असतं. वेदनेला माणसं मान देतात, खाजेला हसतात. शैलजाताई हसल्या नाहीत. त्यांनी माझे हात खिडकीतल्या उजेडात धरले, एखाद्या जुन्या पोथीची पानं उलटावीत इतक्या हलक्या हाताने उलटसुलट केले आणि मग माझ्या जेवणाची, झोपेची, रागाची चौकशी केली. दही, मासळी, लोणचं बंद झालं; खैराच्या सालीचा आणि कडुनिंबाचा काढा सुरू झाला; रात्री करंजाचं तेल, सकाळी ताकात वाटलेल्या टाकळ्याच्या बियांचा लेप.

"बरं होईल ना हो हे?" मी विचारलं होतं.

"कमी होईल," त्या म्हणाल्या. "जाईल असं नाही म्हणत मी, बाई. येत जात राहील. पण तुम्हाला झोप लागेल."

मला झोप लागू लागली. भेगा मिटल्या, पुन्हा उघडल्या, पुन्हा मिटल्या. पण त्या येण्याजाण्यात माझा त्यांच्या पडवीत बसण्याचा परिपाठ पडला, आणि शाळा सुटल्यावर चहाचे दोन कप घेऊन मागच्या दाराने जाणं हा माझ्या दिवसाचा सर्वांत मोकळा भाग झाला.

संध्याकाळी हिंजवडीकडून परतणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या रस्त्यावर तुंबत, आणि त्या गर्दीतून उतरून तरुण मुलं-मुली त्यांच्या दारात येत. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळोख. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत सकाळी कंगव्यात आलेले केस जपून आणत आणि पुरावा मांडावा तसे टेबलावर मांडत. शैलजाताई त्यांना आधी झोपायला सांगत, मग जेवायला आणि सर्वांत शेवटी तेल देत. काहींचे केस गळायचे थांबत, काहींचे थांबत नसत; ज्यांचे थांबत ते चार मित्रांना घेऊन येत. हळूहळू त्या मागच्या पडवीतल्या तेलाचं नाव झालं. त्यांना त्या नावाचा आनंद होता, पण खरा आनंद वेगळा होता. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी एका रानरोपाकडे लक्ष देऊन पाहिलं, ते पाहणं शब्दांत ठेवलं, आणि ते शब्द आज आपल्या हातातून कुणाच्या तरी कपाळावर तेल होऊन उतरत आहेत, ही भावना त्यांच्या चेहऱ्यावर कढईजवळ बसलेल्या असताना मला अनेकदा दिसली आहे. देवावर त्यांची श्रद्धा बेताचीच होती. शास्त्रावर मात्र लहान मूल आईच्या पदरावर टाकतं तसा त्यांनी आपला सगळा भार टाकला होता.

माका आणून देई भागूबाई, ताम्हिणीच्या वाटेवरच्या डोंगरवाडीतली. पाठीवर गाठोडं, कपाळावर त्याचा पट्टा, आणि बोलणं दगडासारखं सरळ. पूर्वी माका इतक्या लांबून आणावा लागत नसे. आमच्याच खाचरांच्या बांधांवर तो उगवे. बांध मुरमाखाली गेले तसा माकाही मागे मागे सरकत तिच्या वाडीखालच्या धरणाच्या कडेच्या दलदलीपर्यंत गेला.

"मिळंना झालाय गं बाय आता," ती दर खेपेला गाठोडं सोडताना म्हणे. "जितं वल हाय तितं डंपर हुबा हाय."

भाद्रपदातली एक दुपार होती. पाऊस थांबला होता आणि आकाशाने जणू तोंड धुवून पुसलं होतं. शैलजाताई उकिडव्या बसून माका निवडत होत्या. वेणी पुढे घेतलेली, मान खाली झुकलेली. भागूबाई त्यांच्या मागे उभी राहून पाणी पीत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि वाकून पाहिलं.

"आगं डाक्टरीनबाई," ती म्हणाली, "तुज्या कानामागं चाई लागलीया की!"

शैलजाताईंचा हात माक्यावर थांबला. त्यांनी बोटांनी कानामागे चाचपलं. मी जवळ जाऊन पाहिलं. रुपयाएवढी एक गोल जागा, गुळगुळीत, फिकट, आतून उजळल्यासारखी. तिथे केस तुटला नव्हता, झडला नव्हता; तिथे तो कधी नव्हताच, असं वाटावं इतकी ती जागा निर्विकार होती.

"इंद्रलुप्त," त्या शांतपणे म्हणाल्या. रोग्याला त्याच्या रोगाचं नाव सांगावं, तशा. मग माझ्याकडे पाहून हसल्या. "पुस्तकात याला फार सुंदर नाव दिलंय, नाही?"

त्या वेळी त्या घाबरल्या नव्हत्या. उलट त्यांच्या हालचालीत एक प्रकारचा उत्साह आला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शरीरावर वाचलेलं शास्त्र आता स्वतःच्या शरीरावर वाचायचं होतं. त्यांनी जळवा लावल्या. त्या काळ्याभोर, ओलसर जिवांना कानामागे धरून बसलेल्या शैलजाताई मला अजून दिसतात, डोळे मिटलेल्या, ओठांवर पुटपुटणं. मग गुंजा शोधून घेतल्या आणि त्यांचा लेप झाला. ती जागा त्यांना स्वतःला दिसत नसे, म्हणून मीच लावत असे, त्याने कातडी लाल होई, चरचरे, आणि त्या म्हणत, "होऊ दे, रक्त तिथे यायला हवं." नाकात तेलाचे थेंब, पोटातून रेच, महिनोन्महिने मीठ-आंबट वर्ज्य. आणि रोज संध्याकाळी त्यांचंच ते तेल, त्यांच्याच डोक्यावर.

रुपयाशेजारी दुसरा रुपया उमटला, मग दोन्ही मिळून एक तळं झालं. थंडी पडली तसा केसांचा पानगळीचा ऋतू आला. सकाळी त्यांच्या खोलीतून कंगव्याचा आवाज येई आणि मध्येच थांबे. त्या थांबण्यात काय असे ते मी भिंतीच्या अलीकडूनही ओळखू लागले. वेणी बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, आणि एक दिवस त्यांनी ती स्वतःच कापली. भुवया गेल्या, पापण्याही विरळ झाल्या. सततच्या विस्मयात असल्यासारखा, सर्व ओळखीच्या खुणा पुसलेला एक चेहरा मागे राहिला. जिथून केस जात तिथे आधी खाज सुटे. त्या हात मांडीखाली दाबून बसत.

"खाजेचे इतके प्रकार लोकांना समजावून सांगितले," एकदा त्या म्हणाल्या, "पण हा वेगळाच आहे, बाई. कुणीतरी आतून निरोप घेतल्यासारखा."

सर्वांत असह्य मला काय होई ते सांगते. खुर्चीवर बसण्यापूर्वी त्यांचा उजवा हात अजूनही मागे जाई, हवेत काहीतरी उचले आणि खांद्यावरून पुढे आणी. मग त्यांच्या लक्षात येई. हात तसाच क्षणभर खांद्यापाशी थांबे, आणि त्या पदर सारखा केल्यासारखं करत.

भागूबाईने डोंगरातून एक मूळ आणलं. तिच्या सासूने कुणाची तरी चाई त्याने घालवली होती. तेही उगाळून लावलं, आणि त्याचाही काही उपयोग झाला नाही. "आमच्या मुळीला बी गुन ऱ्हायला न्हाई," ती स्वतःवरच रागावल्यासारखी म्हणाली. मग मीच आग्रह करून शैलजाताईंना पुण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. दुसऱ्या शास्त्राच्या दारात जाताना त्यांनी चपला फार हळू काढल्या. डॉक्टर वयाने त्यांच्याहून लहान होते आणि मनाने सज्जन. त्यांनी इंजेक्शनं दिली. फाल्गुनात टाळूवर पांढरी, पोरक्या पिलाच्या अंगावर असावी तशी लव उगवली, आणि आम्ही दोघी त्या लवेकडे एकमेकींना कळू न देता रोज पाहू लागलो. चैत्राच्या उन्हात ती गळून गेली.

"काही जणांचे परत येत नाहीत," डॉक्टर शेवटी म्हणाले. "शरीर स्वतःच्याच केसांना परकं समजायला लागतं. आमच्याकडे याहून जास्त सांगण्यासारखं नाही."

शैलजाताईंनी मान डोलावली. चांदणी चौक मागे पडल्यावर त्यांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. मीही असंच सांगितलं असतं."

रोगी एकदम कमी झाले नाहीत. ते आधी संकोचले. दारात यायचे, पांढऱ्या सुती रुमालाने बांधलेलं त्यांचं डोकं पाहायचे, पित्ताचं काहीतरी बोलून औषध न घेता जायचे. गावातल्या बायका म्हणायला लागल्या की स्वतःच्या डोक्यावर इलाज चालेना, ती दुसऱ्याचं काय करणार. कुणी कर्करोग झाला म्हणालं, कुणी कुणाची तरी नजर. खाजेचे जुने रोगी मात्र येत राहिले, कारण खाजणाऱ्या माणसाला वैद्याच्या डोक्याकडे बघायला सवड नसते. त्यांच्यासाठी काढे उकळत. कढई मात्र आठवड्याआड चढू लागली, मग महिन्याने.

आणि मग ती मुलगी आली.

आश्विनातली संध्याकाळ. बाहेर रस्ता गाड्यांनी गच्च भरलेला, आणि आत मी नेहमीसारखी चहा घेऊन बसलेली. मुलगी पंचविशीची असेल; ओढणी डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेली, कंपनीचं ओळखपत्र मुठीत धरलेलं. विदर्भातली होती, महाळुंग्याला मैत्रिणींबरोबर राहत होती. तिने ओढणी सोडली. डाव्या कानाच्या वर दोन लहान गोल जागा. शैलजाताईंनी तिचं डोकं उजेडाकडे वळवलं, बोटाच्या टोकाने त्या जागांची कड तपासली.

"मॅडम, माझ्या रूममेटचे केस तुमच्याच तेलाने आले," मुलगी म्हणाली. "दिवाळीनंतर माझं लग्न आहे. तोपर्यंत होईल ना?"

"होईलही," शैलजाताई म्हणाल्या. "इतक्या लहान जागेवर बऱ्याचदा केस आपले आपण येतात. पण माझ्या तेलाने येतील असं मी तुला सांगणार नाही."

"असं का बोलताय? तिचे तर आले ना?"

"तिला हे झालं नव्हतं, बाळा. तिचे नुसते गळत होते."

"तरी पण द्या ना तुम्ही. मी सगळं पथ्य करीन. प्लीज."

शैलजाताईंनी खुर्ची तिच्या जवळ ओढली. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं, आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी दोन्ही हात मागे नेऊन रुमालाची गाठ सोडली. खिडकीतला शेवटचा उजेड त्या उघड्या डोक्यावर पडला.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "मला जे जे येत होतं ते सगळं मी इथे केलं. म्हणून तुला खोटी आशा देत नाही. एखाद्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखव आणि धीर धर."

मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली नाही. ती पाहत राहिली. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"म्हणजे माझंही असं होणार?"

"नाही गं, तसं नाही. तुझं वेगळं आहे, तुझं फार लहान..."

पण ती ऐकतच नव्हती. ती उठली, ओढणी कशीतरी डोक्यावर ओढली, पायरीवर चपला शोधताना तिचा तोल गेला, आणि रडत रडत ती त्या उभ्या गाड्यांच्या रांगेतून दिसेनाशी झाली. शैलजाताई दारापर्यंत धावल्या. उघड्या डोक्याने रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्यांनी तिला हाका मारल्या. नाव विचारायचं राहून गेलं होतं, त्यामुळे त्या नुसतंच "अगं, अगं मुली" म्हणत राहिल्या. गाडीतल्या लोकांनी काचेतून पाहिलं.

आत येऊन त्या खुर्चीवर बसल्या. हात मागे गेला नाही. ती सवय त्या संध्याकाळी संपली.

"मी खरं बोलले, बाई," त्या म्हणाल्या, "आणि तिच्या हातात फक्त भीती दिली. तेल दिलं असतं तर निदान डोक्याला लावून झोपली तरी असती."

"तुम्ही तिचं वाईट कुठे चिंतलंत?"

"चिंतण्याने काय होतं?" त्या म्हणाल्या. "खोटं बोलवत नाही आणि खरं कुणाच्या उपयोगाचं नाही. मग वैद्याने बसायचं कशासाठी?"

मी थंड झालेल्या चहाचे कप उचलले. दिवाळी उलटली तेव्हा त्यांनी दारावरची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली, बरण्या धुतल्या, पालथ्या घालून वाळवल्या आणि वाईला भावाच्या घरी निघून गेल्या. जाताना माझे हात त्यांनी पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिले, पण काही सांगितलं नाही. त्या खोल्यांत आता कंपनीत जाणारी चार मुलं राहतात. भिंतींना त्यांनी रंग दिला. तेलाचा वास पहिल्या उन्हाळ्यापर्यंत टिकला, मग रंगाचाच वास राहिला.

सुरुवातीला त्यांचा फोन येई. कृष्णेचं पाणी, भाचीचा अभ्यास, भावाची गुडघेदुखी. औषधाचा विषय मी काढला की त्या हवापाण्यावर जात. एकदा मात्र म्हणाल्या, "इथे शेजारच्यांना ठाऊकच नाही मी काय करत होते. बरं आहे, कुणी काही विचारत नाही." त्या वाक्यात शांती होती की शरणागती, हे फोनवरच्या आवाजावरून ठरवता आलं नाही. पुढे बोलणं आखूड होत गेलं. दोन वाक्यांमधली अंतरं वाढत गेली, आणि त्या अंतरांमधून वाऱ्यासारखं काहीतरी ऐकू येई. मग दुसऱ्या वर्षी माघात, एका सकाळी, भाचीचा फोन आला.

"आत्या गेली. झोपेतच. तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये सर्वांत वर होता, म्हणून तुम्हाला कळवलं."

मी शाळेत निघाले होते. पोचले, तास घेतले, मुलांच्या वह्या तपासल्या. मधल्या सुट्टीत वाटलं, कुणाला तरी सांगायला हवं. आणि उमगलं, की या गजबजलेल्या गावात, जिथे रोज हजारो माणसं येतात आणि हजारो जातात, ही बातमी ज्याच्या दारात नेऊन ठेवावी असं एकही दार नव्हतं. रविवारी मी एसटीने ताम्हिणीच्या वाटेला लागले आणि डोंगर चढून भागूबाईच्या वाडीवर गेले. ती अंगणात हिरडे पसरत होती. उन्हात तिचे हात सुकलेल्या मुळ्यांसारखे दिसत होते. मी तिला सांगितलं.

"कोन?" तिने डोळ्यांवर हात धरून विचारलं. "ती क्येस गेल्याली डाक्टरीन?"

"हो. तीच."

ती खाली बसली. मूठभर हिरडे तिच्या ओंजळीतून तसेच घरंगळले.

"लई चांगली व्हती," ती म्हणाली. "पानी दिल्याबिगर कवा लावून दिलं न्हाई मला." मग जरा थांबून, ओशाळून तिने विचारलं, "बाय, नाव काय वं तिचं? मी कवा इचारलंच न्हाई."

मी नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आलं, आणि समोरच्या दरीत धरणाचं पाणी दुपारच्या उन्हाखाली हललंही नाही. परतताना मला वाटत राहिलं, की काळ माणसाला एका फटक्यात नेत नसावा. तो आधी त्याच्या हातातली विद्या नेतो, मग त्याच्याकडे वळणारी पावलं, मग तो स्वतः, आणि सर्वांच्या शेवटी, कुणाच्याही लक्षात न येता, ते नाव बरोबर उच्चारणारं शेवटचं तोंड.